मुंबईच्या गोराई गावठाणात ४४० चौरस फुटांचं घर नव्याने बांधायचंय: कौलं की स्लॅब?

गावठाणकर
जुनं घर २० बाय २२ फुटांचं. काळ्या दगडाचं जोतं शाबूत आहे, वरच्या विटा-मातीच्या भिंती खचल्या आहेत, छपर मंगलोरी कौलांचं. ठेकेदार म्हणतो, सगळं पाडा, आरसीसीचा (सळया घातलेल्या काँक्रीटचा) सांगाडा उभा करून स्लॅब टाकू. आम्हाला छोटंच घर हवंय. चार माणसं, वर पोटमाळा, एसीशिवाय राहता यावं, सिमेंट कमीत कमी लागावं. मागे जुनी विहीर आहे, पाणी अजून गोडं आहे. खाडी जवळ असल्याने लोखंड लवकर गंजतं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत: कौलं की स्लॅब? भिंतींसाठी रत्नागिरीचा जांभा आणावा का? आणि पावसाच्या पाण्याला टाकी केवढी लागेल?

पागोळी
कौलंच घाला. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सगळा मार छपराला बसतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री, नेमकी झोपायच्या वेळी, खाली सोडतो. कौल पातळ असतं, ऊन उतरलं की लवकर निवतं. मात्र नुसती कौलं पुरत नाहीत. खाली लाकडी फळ्यांचं किंवा सीलिंग टाइलचं छत करा, मध्ये सहा इंचांची पोकळी ठेवा आणि तिथली गरम हवा बाहेर जायला पूर्वेकडच्या तिकोनी भिंतीत वर जाळी द्या. ही जाळी पश्चिमेला दिलीत तर जुलैतला नैर्ऋत्येचा पाऊस वाऱ्यासकट आत येईल.

उतार ३० अंशांचा धरा. खर्च वाचवायला तो २०-२२ वर आणला, की जोराच्या सरीत पाणी कौलांच्या सांध्यातून मागे चढतं आणि छत कुजतं. चारी बाजूंनी अडीच फुटांची पागोळी (भिंतीबाहेर येणारी छपराची कड) धरली तर छपर साधारण ८ ब्रास, म्हणजे ८०० चौरस फूट, होतं. ब्रासला दीडशेच्या आसपास कौलं लागतात. जुनी फेकू नका. प्रत्येक कौल हातात धरून बोटाने टिचकी मारा: खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत तडा आहे. रिपांमधलं (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्यांमधलं) अंतर सांगीव मापाने ठोकू नका, तुमच्याच कौलाच्या खाचेवरून मोजून घ्या. कारखान्यागणिक त्यात फरक पडतो.

इथे खरी अडचण पश्चिमेची आहे. समुद्रावरचा वारा तिकडून येतो आणि संध्याकाळचं तिरपं ऊनही तिकडूनच. तिरप्या उन्हाला छज्जा अडवू शकत नाही. म्हणून पश्चिमेला चार-पाच फुटांची पडवी काढा आणि तिला लाकडी झिलमिली (तिरक्या पट्ट्यांची जाळी) लावा. तेवढ्याने खोली लहान झाली तरी चालेल, राहायला तीच जागा सगळ्यात बरी ठरते.

चुन्याचा गिलावा
जांभ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आणू नका. दगड उत्तम आहे, पण तो तीनशे किलोमीटरहून जास्त अंतरावरून ट्रकने आणायचा तर निसर्गावरचा भार कमी झाला कुठे? जुन्या भिंतीतल्या धड विटा निवडून घ्या, कमी पडतील तेवढ्या राखेच्या विटा घ्या. जोतं तेच राहू द्या.

गिलावा चुन्याचा करा, एक भाग भिजवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली नदीची वाळू. जमिनीतली ओल जुन्या दगडी जोत्यातून वर चढणारच. चुना ती बाहेर सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफ रंग मारला की ओल भिंतीतच कोंडते, मग खार फुटतो आणि फूट-दोन फूट उंचीवर पोपडे धरतात. चुन्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका आणि आठवडाभर तरी गोणपाटाने ओलसर ठेवा. मेच्या उन्हात तो तडकतो, जूनमध्ये घट्ट होत नाही.

पोटमाळ्याला लोखंड लागलंच तर गॅल्व्हनाइझ्ड घ्या आणि भोकं आधी पाडून बोल्टने जोडा. जागेवर वेल्डिंग केलं की सांध्यावरचा जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. थोडंफार आरसीसी करावंच लागलं तर किनाऱ्यावरच्या उघड्या कामाला आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे एम३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर (काँक्रीटचा थर) हवं. ठेकेदार सवयीने २०-२५ ठेवतात, सळईखाली ठेवायचे ठोकळे स्वतः मोजा. विहिरीचं पाणी काँक्रीटला वापरण्याआधी तपासून घ्या. आरसीसीसाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे.

गावठाणकर
आभारी आहे. पश्चिमेला पडवी बसेल. आता पाण्याचं कुणी सांगेल का?

साठवण
एक चौरस मीटर छपरावर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पागोळ्यांसकट तुमचं छपर आडव्या मापाने ६३ चौरस मीटर भरतं. चार महिन्यांत २,००० मिमी धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी एक लाख लिटर होतं. एवढं साठवायला टाकी बांधणं म्हणजे पुन्हा सिमेंटच. मोठी टाकी नकोच, १,००० लिटरची घ्या. संडास आणि फरशी धुण्याला माणशी ४५ लिटर धरले तर ती पाच दिवस पुरते, आणि पावसाळ्यातली उघडीप बहुतेकदा तेवढीच असते. बाकीचं सगळं विहिरीत सोडा. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, पावसाचं पाणी मुरवलं तर तो थर टिकतो. शेजारी खोल बोअर मारून उपसा केलात तर खारं वर येईल.

पहिल्या सरीचं घाण पाणी वेगळं काढायचं असतं. २ मिमीच्या हिशेबाने ते सव्वाशे लिटर होतं. दुकानात मिळणारा ११० मिमीचा उभा पाइप मीटरला जेमतेम साडेआठ लिटर धरतो, म्हणजे जवळजवळ १५ मीटर पाइप लागेल. त्यापेक्षा २०० लिटरचं पिंप लावा आणि तळाशी बारीक भोक ठेवा, पुढच्या सरीपर्यंत ते आपोआप रिकामं होतं. टाकीला घट्ट झाकण आणि विहिरीला बारीक जाळी हवीच. मलेरियाचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

मोरीचं पाणी खडीच्या वाफ्यात कर्दळीला द्या, माणशी एक ते दोन चौरस मीटर, दोन फूट खोल. आधी तेल अडवणारी कुंडी आणि जाळी बसवा, नाहीतर तळणाचं तेल आणि माशांचे खवले महिन्याभरात खडी बुजवतात. संडासाचा शोषखड्डा मात्र करू नका. पावसाळ्यात भूजल वर येतं आणि मैला थेट विहिरीत जातो. बंद सेप्टिक टाकीच करा, तिचं पाणी गटारलाइनला जोडा. लाइन नसेल तर टाकी वेळेवर उपसून घ्यावी लागेल.

आणि हे सगळं आराखड्यावर उतरवण्याआधी सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा काढा. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत परवानगी लागते, आणि उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने खारफुटीभोवतीच्या ५० मीटरांत बांधकामाला मनाई आहे. जुन्या घराचं मालमत्ता पत्रक आणि कराची पावती अर्जाला जोडा, जोत्याचे मोजमापासह फोटो भिंती पाडण्याआधीच काढून ठेवा.