प्रतिसाद: दुर्बिणीतून आतड्याचं ऑपरेशन

वर एकांनी लिहिलंय की दुर्बिणीतून पित्ताशय काढणं ठीक, पण आतड्याचा कॅन्सर पोट उघडल्याशिवाय पुरता निघत नाही. ही भीती अगदीच हवेतली नव्हती. १९९०च्या सुमारास अमेरिकेत मोठ्या आतड्याची अशी ऑपरेशनं सुरू झाली, तेव्हा दुर्बीण आणि हत्यारं आत घालायला पोटाला पाडलेल्या छिद्रांच्या जागी पुन्हा कॅन्सरची गाठ आल्याचे प्रकार दिसले आणि सर्जनच बिचकले. मग २००४मध्ये ८७२ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, पोट उघडलेल्यांत १८. म्हणजे जवळपास सारखंच.

आमच्या मामांचं संभाजीनगरला झालं. केजकडचे, निम्मं आयुष्य उसाच्या फडात. चार छिद्रं, शिवाय आतड्याचा कापलेला तुकडा बाहेर घ्यायला बेंबीजवळ दोन-अडीच इंचांची चीर. (गावात मात्र 'कापलंच नाही म्हणे' असं सांगत फिरतात!) दुसऱ्या दिवशी चालवलं, तिसऱ्या दिवशी पेज. मोळ्या उचलणाऱ्याला लांब चिरेनंतर हर्नियाची धास्ती असते, ती बरीच कमी झाली.

पण प्रत्येकाला हे जमतंच असं नाही. आपल्याकडं पोट फुगून उलट्या सुरू झाल्याशिवाय माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. आतडी फुगलेली असली की दुर्बिणीला आत काम करायला जागाच उरत नाही. सर्जननं मध्येच पोट उघडलं तर 'ऑपरेशन फसलं' म्हणून नातेवाइकांनी भांडू नये, ते बहुतेक वेळा शहाणपणानंच केलेलं असतं.