मुटुम पिंजऱ्यात, जंगल उसात

रानवेडी: काल इथंच कुणीतरी लिहिलं, "ब्राझीलचा अलागोआस मुटुम हा पक्षी जंगलातून संपलाच आहे, मग पिंजऱ्यात पोसायचा खर्च कशाला?" रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. अलागोआस राज्यातलं सपाटीवरचं जंगल उसानं आधीच खाल्लं होतं. १९७५ साली उसापासून गाड्यांसाठी अल्कोहोल करायची सरकारी योजना आली आणि उरलंसुरलंही गेलं. पक्षी पाळणाऱ्या पेद्रो नार्देलींनी सत्तरच्या दशकात मोजके पक्षी धरून आणले, त्यातल्या फक्त तिघांचा वंश आज टिकून आहे. काळाभोर, लाल चोचीचा, जमिनीवर पडलेली फळं वेचणारा पक्षी. झाडंच तोडली तर तो वेचणार काय?

माळशिरसकर: झालं, आला ऊस! मुटुमाची शिकारही झाली, ते का गाळता? आमच्या घरात बहिणीचं लग्न उसाच्या बिलावर झालं. एका कारखान्यानं दोन हंगाम बिल अडकवलं, तेव्हा एकही पक्षीप्रेमी दारात आला नाही.

रानवेडी: शिकार झाली, मान्य. पण जंगल उभं असतं तर शिकारीतून वाचलेल्यांना लपायला जागा राहिली असती.

सोलापुरी: बिलाचा राग मुटुमावर का काढता? नान्नजच्या माळावर आजोबांनी मला माळढोक दाखवला होता. मान ताठ, पावलं सावकाश, आम्ही गवतात पालथे पडून बघत होतो. पाणी आलं तसा आजूबाजूचा माळ नांगरला गेला, ऊस लागला. आता मुलाला काय दाखवू?

माळशिरसकर: पाणी आल्यावर माळ तसाच ठेवायचा आणि पोरांना काय गवत चारायचं? पोट भरलेल्यांनी आम्हाला शिकवू नये!

सोलापुरी: माझंही घर शेतीवरच चालतं. तोंड सांभाळून बोला.

चिकित्सक: मूळ मुद्दा राहिला. पिंजऱ्यात दुसऱ्या जातीच्या मुटुमाशी संकर झालाय. मग वाचवताय ते नक्की काय?

रानवेडी: डीएनए तपासून संकर झालेले वेगळे काढलेत. २०१९ मध्ये तीन जोड्या अलागोआसमध्येच, रिओ लार्गोच्या मोठ्या पिंजऱ्यात परत नेल्या.

चिकित्सक: म्हणजे अजून पिंजराच.

रानवेडी: हो, पिंजराच. पण त्याच्या स्वतःच्या मातीत. सोडायला जंगल हवं, आणि ते शेताशेतांमधल्या तुकड्यांत उरलंय. ते तुकडे जोडायला कुणीतरी जमीन सोडावी लागेल.

माळशिरसकर: ऊस मी सोडणार नाही, आधीच सांगतो. ओढ्याकडेच्या पाच गुंठ्यांत कुसळी आहे, तित्तर अंडी घालतात. तेवढी यंदाही नांगरणार नाही. त्यापुढं मला विचारू नका.