[मंडळ-चर्चा] न्यूरॉलॉजी इलेक्टिव्हला येणारे विद्यार्थी: तयारीचं काय कळवायचं?

प्रेषक: कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,
महाराष्ट्रातून एमबीबीएसचे दोन विद्यार्थी ऑगस्टमध्ये चार आठवड्यांच्या न्यूरॉलॉजी इलेक्टिव्हला (विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या वॉर्डातल्या प्रशिक्षणाला) इथे अमेरिकेत येताहेत. राहण्याची सोय झाली आहे. बाकी तयारीचं त्यांना नेमकं काय कळवायचं? जाणकारांनी इथेच लिहावं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांनाही हीच मेल पाठवता येईल.

———

प्रेषक: मी. (स्टुडंट हेल्थ)

लशींच्या कागदांपासून सुरुवात करायला सांगा, गाडी तिथेच अडते. अभ्यास विमानातही होतो, टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची मोजणी) होत नाही.

हेपटायटिस-बीचे तीन डोस झालेत एवढं सांगून भागत नाही. हॉस्पिटलला रक्तातल्या अँटी-एचबीएसचा (हेपटायटिस-बीविरुद्धच्या प्रतिपिंडांचा) आकडा लागतो, १० मिलि-आययू प्रति मिलि किंवा त्याहून जास्त. लॅबमध्ये ‘क्वांटिटेटिव्ह’ म्हणून सांगा. नुसतं ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेला रिपोर्ट बहुधा परत येतो. आकडा कमी आला तर बूस्टर आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. म्हणून जुलैत नाही, फेब्रुवारी-मार्चमध्येच रक्त द्यावं. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांचे आयजीजीही (त्या-त्या रोगाच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या) त्याच सुईत उरकून घ्या.

टीबीसाठी हातावरची मांटू चाचणी नको. बीसीजी घेतलेल्यांत ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि खुलासे मागे लागतात. इग्रा (टीबीची रक्तचाचणी) करा. इथे क्रम महत्त्वाचा आहे: एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) ही जिवंत लस, त्यामुळे इग्राचं रक्त लशीच्या आधी किंवा त्याच दिवशी द्यायचं, नाहीतर लशीनंतर चार आठवडे थांबायचं. मधल्या काळातला निगेटिव्ह रिपोर्ट भरवशाचा नसतो. आपल्याकडे धनुर्वाताचं टीटी किंवा टीडी दिलेलं असतं, त्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो. इथे तो भाग असलेली टीडॅप मागतात.

व्हिसा बी-१. हॉस्पिटलच्या पत्रात इलेक्टिव्ह विनावेतन आहे आणि वैद्यकीय शिक्षणाचा भाग आहे, या दोन्ही गोष्टी असाव्यात. पत्र हातातल्या बॅगेत ठेवा. पदवी हातात आली की इलेक्टिव्ह नाही, ऑब्झर्व्हरशिप मिळते, आणि तीत पेशंटला हात लावता येत नाही. इंटर्नला विद्यार्थी धरायचं की नाही हे ठिकाणागणिक बदलतं. फोनवरच्या ‘हो’वर तिकीट काढू नका, ईमेलवर लेखी घ्या.

दाढी असलेल्याला आधीच सांगून ठेवा: एन-९५ची फिट-टेस्ट मास्कच्या कडेखाली केस असले तर घेत नाहीत.

———

प्रेषक: सु. (न्यूरॉलॉजी)

ताईंनी कागदांचं लिहिलंच आहे, मी वॉर्डाचं लिहितो.

रिफ्लेक्स तपासायचा हातोडा लांब दांड्याचा आणि वजनदार डोक्याचा हवा, क्वीन स्क्वेअर किंवा ट्रोम्नर. छोटा तिकोनी टेलर हलका पडतो, त्याने घोट्याचा जर्क (ठोक्यासरशी पावलाला बसणारा झटका) नीट येत नाही आणि मुलं ‘अ‍ॅबसेंट’ लिहून मोकळी होतात. पेशंटचा गुडघा दुमडून मांडी बाहेरच्या बाजूला टाका, पाऊल किंचित वर धरा आणि हातोडा स्वतःच्या वजनाने पडू द्या. तरी नाही आला तर पेशंटला दोन्ही हातांची बोटं अडकवून ओढायला लावा आणि नेमक्या त्याच क्षणी मारा. एवढं करून नाही आला, तरच तो नाही.

ट्यूनिंग फोर्क १२८ हर्ट्झचा. ५१२चा कानासाठी असतो, त्याने पायाला कंप जाणवतो का ते बघायचं नाही. टोचल्याची जाणीव तपासायची पिन एका पेशंटला एक, तपासून झाली की शार्प्सच्या डब्यात. हातोडा, फोर्क, पिना प्रवासात चेक-इन बॅगेत टाका, आणि एमआरआयच्या खोलीपाशी खिसे रिकामे करा.

आता प्रेझेंटेशन. परीक्षेतल्या लाँग केससारखं लांबवलं तर राउंडवर मध्येच तोडतात. चार-पाच मिनिटांत आटपायचं. पहिल्याच वाक्यात वय, उजवा की डावखुरा, काय झालं आणि किती वेळात झालं. हात कुठला हे भाषेचं केंद्र मेंदूच्या कुठल्या बाजूला असण्याची शक्यता जास्त, यासाठी विचारतात. तपासणीनंतर लगेच निदान फेकू नका. आधी बिघाड कुठे आहे ते सांगा: मेंदू, मज्जारज्जू, नसेचं मूळ, नस, नस-स्नायूचा जोड की स्नायू. मग कारणं. ‘एमआरआयमध्ये दिसलं’ हे उत्तर माझ्या मते सगळ्यात वाईट, आणि सगळ्यात जास्त तेच ऐकू येतं. आणि पेशंटला चालवून बघा. चाल न बघता झालेली तपासणी अर्धीच.

स्ट्रोकच्या कॉलवर वेळ धरायची ती ‘शेवटचा ठणठणीत कधी होता’ याची. रात्री ११ला बरा झोपला, सकाळी ६ला उजवी बाजू लुळी, तर घड्याळ ११पासून. साडेचार तासांची थ्रॉम्बोलिसिसची (औषधाने गुठळी विरघळवण्याची) नेहमीची मुदत त्या हिशेबाने गेलेली असते. पण मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये थ्रॉम्बेक्टमीचा (गुठळी ओढून काढण्याचा) विचार २४ तासांपर्यंत होतो, म्हणून ‘उशीर झाला’ असं म्हणून हात बांधून बसू नका. साखर आधी तपासा.

एनआयएचएसएसचं (स्ट्रोकची तीव्रता मोजायच्या गुणपट्टीचं) ऑनलाइन सर्टिफिकेट येण्याआधीच करून घ्या. घटक ११, गुण ० ते ४२. पेशंटने जे केलं त्याचेच गुण, त्याला शिकवायचं नाही. नेहमीची चूक म्हणजे लुळ्या हाताला हालचालीतला ताळमेळ बिघडल्याचे, म्हणजे अ‍ॅटॅक्सियाचे गुण देणं, तिथे शून्यच.

———

प्रेषक: रा. (फार्मसी)

दादांच्या मेलला औषधांची पुरवणी. ब्रँडनावं इथे कामाची नाहीत. एप्टॉइन म्हणजे इथलं डायलँटिन, दोन्ही फेनिटॉइन. राउंडवर जेनेरिक नावच घ्या. लहान डोसची अ‍ॅस्पिरिन आपल्याकडे ७५ मिलिग्रॅम, इथे ८१. जपायचं ते पार्किन्सनच्या गोळीला: इथे ‘२५-१००’ लिहितात, त्यात कार्बिडोपा आधी आणि लेव्होडोपा नंतर. आपल्याकडच्या पाकिटावर बेरीज असते, १२५ किंवा ११०, आणि ११०मध्ये कार्बिडोपा फक्त १०. पेशंट भारतातून गोळ्या घेऊन आला असेल तर दोन्ही आकडे वेगळे करून नोंदवा.

एखादे आजोबा फक्त मराठी बोलणारे निघाले तरी मुलांनी दुभाष्याचं काम अंगावर घेऊ नये. गप्पा जरूर माराव्यात, पण संमती आणि निदानाचं बोलणं हॉस्पिटलच्या प्रमाणित दुभाष्याकडूनच, फोनवर किंवा व्हिडिओवर.

शिफारसपत्र मागायचं तर तिसऱ्या आठवड्यात, समोर बसून. रेसिडेन्सीसाठीचं (पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणासाठीचं) पत्र डॉक्टर स्वतः इरासच्या, म्हणजे रेसिडेन्सीच्या अर्जांच्या, पोर्टलवर चढवतात, मुलांनी त्यांना फक्त विनंतीचा फॉर्म द्यायचा असतो. पेशंटची छापील यादी घरी आणू नये, वॉर्डातल्या श्रेडरच्या पेटीत टाकावी. आणि वॉर्डातला फोटो, पेशंटचा चेहरा दिसत नसला तरी, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको.