लग्न करून आले आणि यादीतून गेले : मतदार नोंदणीचे, मतदानाचे तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची

आज सकाळी अंगणवाडीच्या ताई दारात. आमच्या भागाचं बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी नीट ठेवायचं काम त्यांच्याकडं आहे. "काकू, नवी सून आली म्हणं. नाव लावायचंय ना?" सून जिंतूरची, तिकडच्या यादीत तिचं नाव आधीपासून आहे. मी म्हणाले, द्या मग नवा फॉर्म. तर त्या म्हणाल्या, "सहा नंबर पहिल्यांदा नाव लावणाऱ्याला असतो. हिला आठ नंबर. तिकडचं निघतं आन् इकडं लागतं. सहा भरला तर नाव दोन जागी होईल, ते कायद्यात बसत नाही."

एवढंच बोलून त्या पुढच्या घरी गेल्या. मी मात्र पार १९९९ ला जाऊन पोचले.

तेव्हा लोकसभा आणि विधानसभा एकदाच लागलेल्या. माझ्या लग्नाला सव्वा वर्ष, पोरगा तीन महिन्यांचा. सासूबाई, जाऊबाई आणि मी शाळेवर गेलो. मैदानात गुडघाभर चिखल. माझ्या हातात माहेरचं ओळखपत्र होतं, १९९६ ला गंगाखेडला मी पहिलं मत टाकलेलं. इथल्या मास्तरांनी यादी दोनदा वरून खाली बघितली. "ताई, कार्ड खरं आहे, पण नाव या यादीत नाही." सासूबाई त्यांना म्हणाल्या, "माझ्या घरातली हाय ही, मी सांगते ना!" त्यांना वाटलं, घरच्या मोठ्या माणसानं सांगितलं की झालं.

दोघी मत टाकून आल्या. मी लेकरू खांद्यावर घेऊन लिंबाखाली उभी. घरी येईपर्यंत सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून सासऱ्यांना तहसीलला धाडलं. तीन खेपा झाल्या त्यांच्या. त्यानंतर आजपर्यंत माझं एकही मत चुकलेलं नाही.

ओळखपत्र म्हणजे मत नव्हे, यादीतलं नाव म्हणजे मत, हे मी त्या लिंबाखाली शिकले. तुमच्याकडं काय काय झालं ते लिहा.

लातूरची_लेक

काकू डोळ्यात पाणी आलं. माझ्या आईचं असंच, फक्त तिला कुणी तहसीलला जाणारं नव्हतं. चाळीशीपर्यंत मत नाही टाकलं तिनं.

अंगणवाडीताई

तुमच्या दारात आलेली मी नव्हे, पण कामाला तीच. सगळ्यांना हात जोडून सांगते, आम्ही येतो तेव्हा दार उघडा. दुपारी कुलूप, संध्याकाळी "मालक नाहीत". तीन-तीन खेपा मारते एका घरासाठी. घरात वारलेल्या माणसाचं नाव कमी करायचं म्हटलं की लोक रागावतात. सासऱ्यांचं नाव काढू नका म्हणून एक बाई रडायला लागल्या, मग मी पण त्यांच्यासोबत ओट्यावर बसले. त्या दिवशी फॉर्म भरलाच नाही. पंधरा दिवसांनी गेले तेव्हा त्यांनीच मृत्यूचा दाखला काढून ठेवलेला.

सुनेचं लग्नाचं सर्टिफिकेटच पाहिजे असं काही नाही बरं. पत्त्याला नवऱ्याच्या नावाचं लाईट बिल चालतं, बँकेचं पासबुक चालतं, आधारवर नवा पत्ता असेल तर आधार चालतं. जमिनीचा उतारा पण चालतो.

बालाघाट

आमची ऊसतोडीची बारा कोयत्याची टोळी. एक कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी. दिवाळी झाली की गाड्या भरायच्या, घरी म्हातारी माणसं आन् शाळेतली लेकरं. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला आली. आम्ही तवा कोल्हापूरकडं कोपीत, फडावरच्या झोपडीत. ऊसतोड्याला पोस्टानं मत देता येत नाही, ते सैन्यातल्याला आन् ड्युटीवरच्याला. आम्हाला गावातच जावं लागतं. मुकादम म्हणला एक दिवस तोड बंद ठेवली तर आगाऊ दिलेल्या उचलीतून कापीन. तरी आठ कोयते आले. पिकअप केला, रात्रभर उभं राहून. मत टाकलं, म्हातारीच्या हातची भाकर खाल्ली, रातच्याला परत.

पण सांगायचं ते वेगळंच. त्याच्या आधल्या वर्षी आमच्या वस्तीवरल्या कुलूपबंद घरांवर नोटिसा लागल्या. कुणीतरी सात नंबर फॉर्म भरून दिलेला, ही माणसं गाव सोडून गेलीत, नावं कमी करा. चुलतभावानं फोटो काढून धाडला म्हणून कळलं. आमच्यातला एक पोरगा वकिलीला आहे संभाजीनगरला. तो सुनावणीला उभा राह्यला. म्हणला कायद्यात लिहलंय, तात्पुरतं बाहेर गेलेला माणूस त्या गावचा रहिवासी राहतोच. १९५० चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा दाखवला त्यानं. रेशन कार्ड, लेकरांचा शाळेचा दाखला, सगळं ठेवलं म्होरं. नावं राह्यली.

सहा महिने पोटासाठी बाहेर, म्हणून आम्ही गावचे नाही का?

गोदाकाठची

बालाघाट दादा, हे वाचून घास उतरेना. ती नोटीस कुणाला दिसलीच नसती तर?

बालाघाट

तर गेली असती नावं. म्हणून आता टोळी निघायच्या आधी सगळ्यांची नावं मोबाईलवर बघतो. बायांची पण. घरी राहणाऱ्या एकाला सांगून ठेवतो, दारावर काय चिकटलं की फोटो धाडायचा.

पैठणगेट

अम्मीचं नाव यादीत तीन वेळेस दुरुस्त केलंय. एकदा वेलांटी चुकली, एकदा आडनाव पुढं आणि नाव मागं, एकदा चक्क वडलांच्या जागी भावाचं नाव. दर वेळी आठ नंबर, दुरुस्तीला पण तोच लागतो. अब्बा म्हणायचे राहू दे, पण अम्मीचा हट्ट, "मेरा नाम है, सही लिखो." मतदानाच्या दिवशी केंद्रावरच्या बाईंनी सांगितलं की छपाईची बारीक चूक असेल आणि माणूस तोच आहे हे पटलं तर मत देऊ देतात. हे आधी माहीत असतं तर अम्मीला रात्रभर झोप लागली असती.

कुणाला ट्रॅव्हल्सचं माहीत आहे का, पुण्याहून मतदानाच्या आदल्या रात्री भाव दुप्पट करतात ते थांबवता येतं का?

लातूरची_लेक

भाव सोडा, सीटच मिळत नाही! ७ मे २०२४, लातूरचं मतदान, मंगळवार. आम्ही पाच मैत्रिणी पुण्याहून निघालो. दोन सीटवर तिघी. सकाळी साडेसहाला उदगीरला उतरलो, तोंड धुतलं आणि थेट रांगेत. माझी रूममेट हुशार, तिनं होस्टेलच्या पत्त्यावर नाव लावून घेतलेलं, कॉलेजकडून बोनाफाईड घेऊन. विद्यार्थ्याला दोन्हीतलं एक ठिकाण निवडता येतं, घर किंवा होस्टेल. माझा जीव काही उदगीर सोडायला होईना.

मोबाईल आत नेऊ देत नव्हते तेव्हा, सगळ्यांचे एकाच काकांकडं. ते काका चहा प्यायला गेले, आम्ही अर्धा तास शोधतोय 😄

शाळामास्तर

सहा निवडणुकांना केंद्राध्यक्ष होतो, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहितो. जरा लांबेल.

आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य घ्यायचं. यंत्रं, याद्या, शाई, पन्नासेक पाकिटं. संध्याकाळी एसटीनं गावातल्या शाळेत. कुणा पक्षाच्या माणसाकडचा चहासुद्धा घ्यायचा नाही, म्हणून शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींना पैसे देऊन पिठलं-भाकरी करून घ्यायची. बाकं जोडून झोपायचं. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान, निदान पन्नास मतं टाकायची, मोजून दाखवायची, ती पुसायची आणि मग सील. सातला दार उघडायचं.

व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेलं मत चिठ्ठीवर दाखवणारं यंत्र, आल्यापासून म्हाताऱ्या बाया काचेपाशी खोळंबतात. चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. एक आजी म्हणाल्या, "माझी चिठ्ठी मला द्या ना, घरी दाखवीन." त्यांना समजावलं की ती पेटीतच राहते, कुणाला दाखवायची नसते, तुमच्या नवऱ्यालासुद्धा नाही. त्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. "मालकालाबी नाही?" म्हटलं, नाही. त्या मान ताठ करून गेल्या बाहेर.

आणखी एक. नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतात. साठीच्या एक मावशी आल्या, आमच्या सहकाऱ्यानं सवयीनं शाईचं पॅड पुढं सरकवलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि पेन मागितला. नातीकडून शिकल्या होत्या. एकेक अक्षर काढत होत्या. मागं रांग ओरडायला लागली. मी उठून दारात गेलो आणि रांगेला म्हणालो, थांबा. दोन मिनिटं लागली असतील. त्या सहीसाठी मी सहा काय, साठ निवडणुका करीन.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. दर वेळी दहा-बारा माणसं कार्ड घेऊन येतात आणि यादीत नाव नसतं. त्या दिवशी केंद्राध्यक्षाच्या हातात काहीही नसतं. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीसाठी नवं नाव लागत नाही, आणि नाव लावायच्या अर्जावर हरकतीला सात दिवस द्यावे लागतात. म्हणजे त्याच्या निदान दहा दिवस आधी फॉर्म गेला पाहिजे. निवडणूक जाहीर झाली की त्याच दिवशी नाव बघा, प्रचाराच्या गाड्या फिरायला लागेपर्यंत थांबू नका.

उलट नाव आहे पण कार्ड हरवलं, त्यानं घाबरू नये. आधार, पॅन, लायसन, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, यातलं एक चालतं. नुसती मतदार चिठ्ठी आणली तर मात्र चालत नाही.

पैठणगेट

मास्तर 🙏 सहीवालं दोनदा वाचलं. अम्मीला पण वाचून दाखवलं.

हिंगोलीकर

सहा वाजले की दार बंद करतात ना? आमच्या गावात लोक पावणेसहाला पळत येतात शेतातून.

शाळामास्तर

सहाला जे रांगेत उभे आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं. आम्ही रांगेच्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढं येतो, म्हणजे नंतर कुणी घुसत नाही. एकदा साडेआठ वाजले होते आम्हाला.

मांजराकाठ

आजोबांचं लिहितो. जन्म १९३४. १९५२ ला वय बसलं नाही, तेव्हा एकवीस लागायचं. पहिलं मत १९५७ ला. मराठवाडा नुकताच हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलेला. ते सांगायचे, तेव्हा शिक्का मारायचा नसायचा, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, आपला कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा.

२०२४ ला पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरून मतदानाची सोय होती. १२ डी फॉर्म घेऊन कर्मचारी आले. आत्या म्हणाली भरा, कडक ऊन आहे. आजोबांनी विचारलं, हा भरला तर मला केंद्रावर जाता येईल का? ते म्हणाले नाही, मग घरीच. आजोबांनी फॉर्म परत दिला. घरात दोन दिवस वाद. शेवटी सकाळी सातला व्हीलचेअर, मी ढकलतोय, ते वाटेत भेटेल त्याला राम राम करतायत. ते त्यांचं शेवटचं मत. शाईचं बोट घेऊन दिवसभर ओट्यावर बसले होते.

ज्यांना खरंच उठता येत नाही त्यांच्यासाठी घरची सोय फार मोलाची आहे. शेजारच्या काकूंनी अंथरुणावरून मत दिलं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर वयाची अट पण नाही.

लातूरची_लेक

❤️ काय माणूस.

हिंगोलीकर

लेक ऑगस्टमध्ये अठराची होते. १ जानेवारीची वाट बघायची का? आमच्या वेळी तसंच होतं.

अंगणवाडीताई

नाही हो दादा. आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. ऑगस्टची म्हणजे तिला १ ऑक्टोबर लागू. सतरा पूर्ण असेल तर अर्ज आत्ताच देऊन ठेवा, सहा नंबर. जन्माचा दाखला नाही तर दहावीचं सर्टिफिकेट, एक फोटो. काही अडलं तर १९५० ला फोन करा.

हिंगोलीकर

१९५० वर्ष का नंबर?

अंगणवाडीताई

नंबर, नंबर 😊

पैठणगेट

महापालिकेचं पण कुणीतरी लिहा. यादी विधानसभेचीच घेतात पण प्रभाग पाडताना आमची अर्धी गल्ली रस्त्यापलीकडच्या प्रभागात. प्रारूप, म्हणजे कच्ची यादी लागते तेव्हाच हरकत घ्यावी लागते, थोडेच दिवस असतात. शिवाय चार जागांची चार मतं. मामी तीन बटणं दाबून निघाल्या होत्या, आतून आवाज आला "अजून एक राहिलंय".

मांजराकाठ

माझं मत एकदा दुसराच टाकून गेला होता. गेलो तर यादीत माझ्यापुढं खूण. डोकं फिरलं. तिथल्या साहेबांनी ओळख तपासली आणि कागदी मतपत्रिका दिली, प्रदत्त मत म्हणतात. ती वेगळ्या पाकिटात ठेवतात, यंत्रातल्या मतांसोबत मोजत नाहीत. तरी दिलं. माझी तक्रार कागदावर राहिली पाहिजे म्हणून दिलं.

बालाघाट

बरं केलं भाऊ.

गोदाकाठच्या ताई, माहेर गंगाखेड म्हणलाव, आमची थोरली बहीण तिकडंच दिलीय. तिचं नाव अजून आमच्याच गावात आहे. तिला तुमचं हे लिहलेलं धाडतो.

गोदाकाठची

धाडा धाडा. आणि आठ नंबर म्हणावं, सहा नाही.

सुनेनं दुपारी मोबाईलवरच भरला अर्ज. संदर्भ क्रमांक आला तो फ्रीजवर चिकटवलाय. सासूबाई आता पंच्याऐंशीच्या जवळ आल्यात, नीट ऐकू येत नाही. त्यांनी विचारलं, "लागलं का पोरीचं नाव?" म्हटलं अर्ज गेलाय, ताई येऊन बघून जातील. तेव्हापासून दर तासाला दाराकडं बघतायत.