प्रतिसाद: आधी आवाज, मग चेहरे

वर विचारलंय की नेदरलँड्समधल्या गटाबरोबर दर पंधरवड्याला बैठक घ्यायची तर झूमचं पैशाचं खातं घ्यावं का. मी म्हणेन, घाई नको. फुकट झूम ४० मिनिटांना तुटतं, गूगल मीट तिघे किंवा जास्त असले की ६० मिनिटांना. शिस्तीच्या बैठकीला तासभर पुष्कळ झाला. (आमच्याकडे पहिली दहा मिनिटं "आवाज येतोय का?" यातच जातात, ते सोडा.)

आमचं काम द्राक्षावरच्या डावणीवर, म्हणजे पानांवर डाग पाडणाऱ्या बुरशीच्या रोगावर. निम्मी माणसं नाशिकात, निम्मी निफाड-दिंडोरीच्या बागांत मोबाइल डेटावर. तिथे चित्र गोठलं तरी चालतं, आवाज तुटला की संपलं. म्हणून बागेतल्यांनी कॅमेरा बंदच ठेवायचा. जित्सी या बैठकीच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वापरला जाणारा ऑपस कोडेक (आवाज दाबून लहान करून पाठवण्याची पद्धत) सेकंदाला ६ किलोबिटपर्यंत खाली उतरू शकतो. व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट लागतं. पानावरचा डाग दाखवायचा तर फोटो आधीच पाठवा, कॅमेऱ्यात भुरी (द्राक्षावरचाच दुसरा बुरशीचा रोग) आणि डावणी सारखीच दिसते!

अप्रकाशित आकडे बोलायचे असतील तर जित्सी स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, पण ते सांभाळणारा माणूस हवा. आमचा नोकरी बदलून पुण्याला गेला आणि सर्व्हर धूळ खात पडला.

एक राहिलंच. उन्हाळ्यात आपण नेदरलँड्सवाल्यांच्या साडेतीन तास पुढे असतो, ऑक्टोबरअखेरीस ते घड्याळ मागे घेतात की साडेचार. गेल्या वर्षी आम्ही तासभर रिकाम्या खोलीत बसलो होतो.