मदत हवी आहे: सिंधुदुर्गात पायी भटकायचं आहे, आईसोबत

मंडळी, डिसेंबरच्या शेवटी चार दिवस सिंधुदुर्गात येतोय. मी, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि आई. आईचं वय ६८, गुडघे कुरकुरतात, पण गाडीत बसून राहायला सांगितलं तर रुसते!

दोन रात्री आंबोलीत काढायच्या आहेत. हिरण्यकेशी नदीचा उगम नक्की पाहणार. तिथल्या कुंडात सापडलेल्या माशाची नवी प्रजात म्हणून २०२० मध्ये नोंद झाली, तेव्हापासून मुलाने तोच धोशा लावलाय. गाडी लावल्यापासून उगमाजवळच्या देवळापर्यंत किती चालावं लागतं? पायऱ्या आहेत का? नांगरतास धबधब्याला डिसेंबरात पाणी असतं, की नुसती कोरडी घळ बघून परतायचं? कावळेसादच्या कड्यावर पहाटे जावं की संध्याकाळी?

पुढचे दोन दिवस समुद्राकडे. भोगवे ते निवती असं किनाऱ्याने चालत कुणी गेलंय का? मधे खडक लागतात म्हणे, मग ओहोटीची वेळ साधावी लागेल ना? आईला निवतीच्या किल्ल्यावर नेणं जमेल का, तेही सांगा.

स्कूबा, पॅरासेलिंग नको. घरगुती जेवण देणारं घर माहीत असेल तर मात्र जरूर सुचवा. सोलकढी आईच्या अटींमध्ये आहे.