कॉम्प्रेशन आणि पॅनिंग: मराठीत काय म्हणायचं?

मिक्सिंगवर मराठीत व्हिडिओ करतोय, एक अभंग घेऊन दाखवणार आहे. पण दोन शब्दांपाशी गाडी अडलीय. कॉम्प्रेशनला (मोठ्या आणि हळू आवाजातला फरक कमी करणं) कोशात 'संपीडन' दिसतं, पॅनिंगला (आवाज डावी-उजवीकडे ठेवणं) तर काहीच धड नाही. सुचवा काहीतरी.

*

संपीडन नको बाबा. शाळेत ध्वनीच्या धड्यात संपीडन-विरलन होतं ना, हवेचे कण जवळ येतात ते, म्हणजे आवाजाच्याच विषयात तो शब्द आधीच अडकलेला आहे आणि बघणारा भलत्याच धड्यावर जाणार. त्यात एमपीथ्री करताना फाइल लहान होते तेही कॉम्प्रेशनच, त्याचा इथे काडीचा संबंध नाही. सरळ 'दाबणे' म्हणा, 'व्होकल जरा दाबून घे' असं बोलतातच की.

*

दाबणे म्हटलं तर लोकांना वाटेल आवाज बारीक केला. उलट कॉम्प्रेसर लावला की मोठा होतो ना?

*

नाही हो, कॉम्प्रेसर स्वतः फक्त कमीच करतो. समजा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर गेलं की कापायला लागतो ती पातळी, उणे १८ डेसिबल आणि रेशो, म्हणजे वरचं किती कापायचं ते प्रमाण, ४:१. बुवांनी तार षड्ज लावला आणि पातळी उणे १० ला गेली, म्हणजे थ्रेशोल्डच्या ८ वर, त्यातले २ च शिल्लक राहतात, बाहेर येतं उणे १६. सहा कापले. मग मेकअप गेनने सगळंच ६ ने उचललं की तार षड्ज होता तिथेच राहतो पण खालच्या सुरात हळू म्हटलेलं 'विठ्ठल' ६ ने वर येतं, म्हणून गाणं मोठं वाटतं. (बुवांचा श्वास आणि खोलीतला पंखासुद्धा ६ ने वर येतो, ते कोणी सांगत नाही.) म्हणून मी 'चढउतार आवरणे' म्हणेन.

आणि अ‍ॅटॅक समजावून सांगा, म्हणजे पातळी ओलांडल्यावर कॉम्प्रेसर किती वेळात कापायला लागतो ते. १ मिलिसेकंदाच्या आसपास ठेवला तर 'ट', 'ठ', 'क' ची धार जाते, तोंडात सुपारी ठेवून गातोय असं वाटतं. १० ते २० पासून सुरुवात करा. फक्त ११७६ या जुन्या कॉम्प्रेसरची नक्कल असलेलं प्लगिन वापरत असाल तर हा हिशोब विसरा, मूळ मशीन १९६७ चं, त्यात सगळ्यात संथ अ‍ॅटॅकच ८०० मायक्रोसेकंद आहे आणि बटण उलटं, उजवीकडे फिरवलं की जलद.

*

'आवरणे' आवडलं. पॅनिंगचं बोला आता. मूळ पॅनोरमा. पॅनपॉट हे बटण डिस्नेच्या इंजिनियर लोकांनी फँटासियाच्या वेळी, १९४० च्या सुमारास, आवाज पडद्यावर इकडून तिकडे न्यायला वापरलं. पण खरं तर सरकत काहीच नाही, एकच आवाज डाव्या-उजव्या स्पीकरला किती किती द्यायचा एवढंच बदलतं. मी 'जागा देणे' म्हणतो, पेटीला डावीकडे जागा द्या.

*

अहो, गाण्यातल्या माणसाला 'जागा' म्हणजे वेगळंच! बुवांनी काय जागा घेतली म्हणतात तेव्हा ते डावीकडे सरकलेले नसतात 😀

*

हाहा, मान्य. 'डावं-उजवं वाटप' घ्या मग. अभंगात वाटप सोपं आहे, बुवा मध्ये, पखवाज मध्ये कारण त्याच्या धुम्याचा खर्ज एका बाजूला गेला की गाणं कलंडतं, पेटी जराशी डावीकडे, टाळ दोन्ही बाजूंना. गडबड होते ती कोरसमध्ये. एकच टेक कॉपी करून एक डावीकडे एक उजवीकडे टाकतात आणि रुंद का होत नाही म्हणून डोकं धरून बसतात. दोन्हीकडे तंतोतंत तेच वाजलं तर कानाला ते मधोमधच ऐकू येतं, फक्त मोठं. दोनदा वेगवेगळं गाऊन घ्या. आणि पॅन लॉ, म्हणजे आवाज मध्यावर असताना किती कमी करायचा तो नियम, बघा, बऱ्याच ठिकाणी मध्यावर ३ डेसिबल कमी केलेले असतात, काही सॉफ्टवेअरमध्ये नसतात, त्यामुळे तोच प्रोजेक्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की पेटी मागेपुढे होते.

*

भारी. आजच करून बघितलं, 'विठ्ठल' स्पष्ट आलं पण 'श्रीहरी'तला श आता कानात टोचतोय. त्याला काय?

*

डी-एसर लावा, स-श ची टोच कमी करतो तो, ५ ते ८ किलोहर्ट्झच्या मध्ये शोधा कुठे टोचतोय ते. नाहीतर तेवढ्याच 'श' चा तुकडा कापून हाताने ३-४ डेसिबल खाली ओढा, वेळ जातो पण निकाल चांगला. डी-एसरला मराठी शब्द मात्र विचारू नका.